पाण्याची खोली आणि पाण्याची वेळ

(अर्नाळा येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर सागरी सुरक्षिततेविषयी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समुद्राविषयी अर्नाळ्यात येऊन बोलावयाचे म्हणजे गंगेकाठच्या माणसाला गंगाजलाचे माहात्म्य सांगण्यासारखे आहे, याची मला जाणीव आहे. येथील कोळी बांधव आणि भगिनी पिढ्यान् पिढ्या या पाण्यावर उपजीविका करीत आले आहेत. त्यांना भरती-ओहोटी शिकविण्याचा माझा हेतू नाही. मला बोलावयाचे आहे ते त्यांच्याविषयी जे सुट्टीच्या दिवशी विरारला उतरून या किनाऱ्यावर येतात. आणि शाळेची सहल घेऊन अलिबाग, मुरूड, मालवणला जातात. आता मालवणला जाऊन पाण्यात तोंड घालून प्रवाळ आणि मासे पाहण्याची, म्हणजे स्नॉर्कलिंगची, हौस वाढली आहे. त्या पाण्यात शिरण्यापूर्वी दोन कागद वाचता आले पाहिजेत. एक, सागरी नकाशा. दुसरा, भरती-ओहोटीचे वेळापत्रक. पहिला पाण्याखाली काय आहे ते सांगतो, दुसरा त्यावर किती पाणी केव्हा असेल ते सांगतो. या दोहोंची बेरीज करता येणे म्हणजे आजच्या विषयाचे सार होय.

अर्नाळ्याचे पाणी

अर्नाळ्याचा किल्ला वैतरणेच्या मुखावरील बेटावर उभा आहे. पोर्तुगीजांकडून हे ठाणे १७३७ साली मराठ्यांनी घेतले आणि पहिल्या बाजीरावांच्या काळात त्याची नव्याने बांधणी झाली. खाडीच्या तोंडावर नजर ठेवणाऱ्या या जागेचे महत्त्व उथळ पाण्याशी निगडित होते. वाळूचे दांडे कोठे आहेत, त्यांमधून वाट कोठे आहे, हे ज्याला ठाऊक त्यालाच आत शिरता येई. १८ जून २०२५ रोजी भारतीय नौदलात विशाखापट्टणम येथे जी 'अर्नाळा' नावाची युद्धनौका दाखल झाली, तीही उथळ पाण्यात पाणबुड्यांचा माग काढण्यासाठी बांधलेली आहे. नाव सार्थ आहे, असेच म्हणावे लागेल.

येथील पाण्याची दोन वैशिष्ट्ये ध्यानात घ्यावयास हवीत. वैतरणा त्र्यंबकच्या डोंगरांतून गाळ घेऊन येते, आणि भरती-ओहोटीचा जोरदार प्रवाह तो गाळ खाली बसू देत नाही. म्हणून पाणी गढूळ असते. येथे पाण्यात तोंड घालून तळ दिसावयाचा नाही. स्नॉर्कलिंगसाठी ही जागा नव्हे, हे स्पष्ट सांगितलेले बरे. दुसरे वैशिष्ट्य म्हणजे भरतीची उंची. कोकण किनाऱ्याने जसजसे उत्तरेस जावे तसतशी ही उंची वाढत जाते. गोव्याजवळ उधाणालाही पाण्याचा चढउतार सुमारे दोन मीटर असतो, मुंबईला तो साडेतीन मीटरच्या वर जातो, आणि खंबातच्या आखातात भावनगरला दहा मीटरचा आकडा ओलांडतो. समुद्रतळाचा रुंद उथळ पट्टा आणि नरसाळ्याप्रमाणे निमुळते होत जाणारे आखात, ही त्याची कारणे आहेत. मालवणच्या पाण्यात पोहलेल्या माणसाने अर्नाळ्याचे पाणीही तसेच चढेल असे समजू नये.

तिथी आणि भरती

चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच मागे पडते. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात, आणि भरतीपासून ओहोटीपर्यंत सहा तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या सुमारास चंद्र व सूर्य यांची ओढ एकाच रेषेत येते. त्या वेळी उधाण येते. भरती फार चढते आणि ओहोटीही फार खाली जाते. अष्टमीच्या सुमारास या दोन ओढी काटकोनात असतात. त्याला आपण भांग म्हणतो. तेव्हा चढउतार कमी असतो. सर्वांत मोठे उधाण प्रत्यक्ष पौर्णिमेस न येता एक-दोन दिवसांनी येते, हेही लक्षात ठेवावे.

आपल्याकडे भरतीची वेळ काढण्याचा एक जुना हिशेब आहे. तिथीचा अंक घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. जे उत्तर येईल तितके वाजता भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी व सायंकाळी सहाच्या सुमारास भरती, आणि दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारपूर्वी व मध्यरात्रीपूर्वी सव्वाअकराच्या सुमारास भरती. हा हिशेब मुंबईच्या आसपास बराच जुळतो. तरी त्यात अर्ध्या-पाऊण तासाची चूक संभवते. तो अंदाजासाठी आहे. पाण्यात उतरण्याचा निर्णय मात्र छापील वेळापत्रकावरूनच घ्यावा.

या साध्या हिशेबातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो, आणि तो प्रत्येक सहलप्रमुखाने ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पौर्णिमा-अमावास्येला ओहोटी सायंकाळी साडेपाचच्या सुमारास पूर्ण होते. म्हणजे ज्या दिवशी पाणी सर्वांत दूर जाते, नेमका त्याच दिवशी सूर्यास्ताच्या वेळी वाळूचा विस्तीर्ण पट्टा उघडा असतो. मंडळी सूर्यास्त पाहण्यासाठी आत आत चालत जातात. आणि ज्या वेळी अंधार पडतो त्याच वेळी उधाणाची भरती वर येऊ लागते. यास्तव पौर्णिमेची रम्य संध्याकाळ ही या किनाऱ्यावर अत्यंत सावध राहण्याची वेळ होय.

वेळापत्रकातील आकडे

मुंबईच्या अपोलो बंदरावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून भरतीची पद्धतशीर मोजणी होत आली आहे. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी देशातील प्रमुख बंदरांचे भरतीचे वेळापत्रक प्रसिद्ध करतो. त्यात प्रत्येक दिवसासाठी सामान्यतः चार ओळी असतात: वेळ आणि मीटरमध्ये उंची. मोठा आकडा भरतीचा, लहान आकडा ओहोटीचा. दिवसातील दोन भरत्या आणि दोन ओहोट्या सारख्याच उंचीच्या असतील असे मात्र नाही.

ही उंची कोठून मोजलेली असते? ती समुद्राच्या सरासरी पातळीपासून मोजलेली नसते. ती एका ठरविलेल्या नीच पातळीपासून मोजलेली असते. पाणी क्वचितच तिच्याखाली जाते. सागरी नकाशातील खोलीही याच शून्य पातळीपासून मोजतात, म्हणून दोन्ही कागदांतील आकड्यांची बेरीज करता येते. मुंबईस उधाणाच्या भरतीची सरासरी उंची ४.४२ मीटर व ओहोटीची ०.७६ मीटर आहे; भांगाच्या भरतीची ३.३० व ओहोटीची १.८६ मीटर आहे. उधाणाला पाणी ३.६६ मीटर चढते, आणि भांगाला दीड मीटरहून थोडे कमी.

अर्नाळ्याची वेळ व उंची मुंबईहून काहीशी निराळी असते, कारण भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत येते. मालवणला ती मुंबईच्या आधी येते, अर्नाळ्यास किंचित नंतर. तेव्हा वेळापत्रक हाती घेताना ते कोणत्या बंदराचे आहे, हे प्रथम पाहावे.

बाराव्या हिश्श्याचा नियम

पाणी सहा तासांत सारख्या गतीने चढत नाही. खलाशांचा एक नियम येथे उपयोगी पडतो. एकूण चढ बारा हिश्श्यांत विभागावा. पहिल्या तासात एक हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. म्हणजे मधल्या दोन तासांतच निम्मे पाणी येते.

उधाणाचा चढ ३.६६ मीटर धरला, तर मधल्या दोन तासांत पाणी १.८३ मीटर, म्हणजे सहा फूट, वाढते. पहिल्या तासात जेमतेम एक फूट. पहिल्या तासाची मंद चाल पाहून माणूस निश्चिंत होतो, आणि नंतरच्या दोन-तीन तासांत त्याच्या मागे पुरुषभर पाणी उभे राहते. 'पाणी एकाएकी वाढले' असे आपण म्हणतो. परंतु ते एकाएकी वाढत नाही, ठरल्या गणिताने वाढते.

सागरी नकाशा कसा वाचावा

आता दुसऱ्या कागदाकडे वळू. शाळेतील नकाशात समुद्राला एकच निळा रंग असतो. भ्रमणध्वनीवरील रस्त्यांच्या नकाशातही तसेच. त्यात गुडघाभर पाणी आणि शंभर मीटर पाणी एकसारखेच दिसते. सागरी नकाशाची रीत याच्या उलट आहे. त्यात जमिनीचा तपशील थोडका आणि पाण्याचा भरपूर असतो. आपल्या देशात हे नकाशे डेहराडून येथील राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय तयार करते. या कार्यालयाची परंपरा १८७४ साली कलकत्त्यात स्थापन झालेल्या सागरी सर्वेक्षण विभागापर्यंत जाते. १९५४ साली ते डेहराडूनला हलविण्यात आले.

नकाशा हाती घेतल्यावर पाच गोष्टी क्रमाने पाहाव्यात.

पहिली, मथळा. त्यात प्रमाण, खोली मोजण्याचे एकक आणि शून्य पातळी दिलेली असते. जुन्या नकाशांत खोली वावांत व फुटांत असे, नव्यांत मीटरमध्ये. एक वाव म्हणजे सहा फूट, सुमारे १.८३ मीटर. तीन वाव आणि तीन मीटर यांत गोंधळ झाला तर हिशेब साफ चुकतो.

दुसरी, पाण्यातील आकडे. पाण्यावर विखुरलेला प्रत्येक आकडा म्हणजे शून्य पातळीखालील खोली. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या पट्ट्याला बहुधा हिरवट रंग असतो, आणि तेथील आकड्यांखाली रेघ असते. रेघ असलेला आकडा खोली दाखवीत नाही. शून्य पातळीच्या वर ती वाळू किंवा खडक किती उंच आहे, हे दाखवितो. एका रेघेने अर्थ उलटा होतो, हे विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबविले पाहिजे.

तिसरी, तळाचे स्वरूप. वाळू, चिखल, खडक यांसाठी इंग्रजी आद्याक्षरे छापलेली असतात; एस म्हणजे वाळू, एम म्हणजे चिखल, आर म्हणजे खडक. चिखलात पाय रुततो, खडकावर लाट आपटते, आणि वाळू जागा बदलते. तीनही ठिकाणी धोका निराळा.

चौथी, खडकांच्या खुणा. अधिकचे चिन्ह म्हणजे पाण्याखाली दडलेला खडक. तारकेसारखे चिन्ह म्हणजे भरतीला बुडणारा व ओहोटीला वर येणारा खडक. स्नॉर्कलिंग करणाऱ्याला खडकाचेच आकर्षण असते, कारण मासे तेथेच असतात. म्हणून या खुणा त्याने निमंत्रण आणि इशारा, अशा दोन्ही अर्थांनी वाचाव्यात.

पाचवी, सर्वेक्षणाचे वर्ष. मोजणी केव्हाची आहे, हे नकाशावर दिलेले असते. खडक शंभर वर्षे एका जागी राहील. पण नदीच्या मुखावरील वाळूचा दांडा दोन पावसाळ्यांत सरकतो. वैतरणेच्या मुखाशी हे विशेष खरे आहे. अंतर मोजावयाचे झाल्यास नकाशाच्या उभ्या कडेवरील अक्षांशाचे माप घ्यावे. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर. वरच्या-खालच्या कडेवरील रेखांशाचे माप यासाठी चालत नाही.

दोहोंची बेरीज

आता एक उदाहरण घेऊ. ते केवळ समजण्यासाठी घेतलेले आहे. कोणत्याही विशिष्ट जागेचे नाही. किनाऱ्यापासून काही अंतरावर वाळूचा एक दांडा आहे. नकाशात त्यावर दीड हा आकडा रेघेसह आहे, म्हणजे तो शून्य पातळीच्या दीड मीटर वर आहे. दांडा आणि किनारा यांमध्ये एक सखल पट्टा आहे. तेथे खोली शून्य दिली आहे. पौर्णिमेची सायंकाळ आहे, ओहोटी साडेपाचला, पाण्याची उंची सुमारे ०.८ मीटर.

साडेपाचला सखल पट्ट्यात मांडीभर पाणी आहे आणि दांडा पाण्यापेक्षा ०.७ मीटर उंच, कोरडा आहे. एक तुकडी पाणी तुडवीत दांड्यावर जाते. साडेसहाला पाण्याची उंची १.१ मीटर होते. दांडा अद्याप कोरडाच आहे. तेथे उभ्या असलेल्यांना काहीच बदल जाणवत नाही. पण मागच्या पट्ट्यात पाणी मुलांच्या छातीला लागले आहे. साडेसातला पाण्याची उंची १.७ मीटर होते. आता कोठे दांड्यावर पावले भिजू लागली, आणि सर्वांना परतावेसे वाटले. परंतु परतीच्या वाटेवर १.७ मीटर पाणी आहे. मोठ्या माणसाच्याही नाकातोंडात जाणारे. त्यात प्रवाह आहे, आणि अंधार पडला आहे. साडेआठला तेथे २.६ मीटर होईल.

पायाखाली कोरडे आणि पाठीमागे खोल, ही अवस्था भरतीच्या किनाऱ्यावरील सर्वांत फसवी अवस्था होय. समोरच्या समुद्राकडे पाहून ती समजत नाही. नकाशातील दोन आकडे आणि वेळापत्रकातील एक आकडा एकत्र मांडल्यावरच ती दिसते. पाचवीच्या मुलालाही करता येईल अशी ही बेरीज आणि वजाबाकी आहे.

ओहोटीच्या वेळी धोका निराळा असतो. खाडीत साठलेले पाणी अरुंद वाटेने समुद्राकडे धावते, आणि नदीच्या मुखाशी पोहणाऱ्याला बाहेर ओढून नेते. मोकळ्या किनाऱ्यावरही लाटांनी आणलेले पाणी एखाद्या घळीतून जोराने परत जाते. जेथे दोन्ही बाजूंना लाटा फुटत आहेत पण मध्ये एक पट्टा शांत व गडद दिसतो, तेथे ही ओढ असण्याचा संभव फार. नवखा माणूस शांत दिसणारी जागाच पोहण्यासाठी निवडतो. अशा ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे सरळ पोहून दमू नये. तरंगत राहावे, हात उंच करून मदत मागावी, आणि किनाऱ्याला समांतर पोहून ओढीबाहेर पडल्यावर मग किनाऱ्याकडे वळावे.

मालवणच्या पाण्यात

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील समुद्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. शिवाजी महाराजांनी १६६४ साली ज्या खडकाळ बेटावर हा जलदुर्ग बांधावयास घेतला, त्या बेटाभोवतीचे पाण्याखालील खडक हेच आज प्रवाळ आणि मासे यांचे घर आहे. अर्नाळ्याच्या मानाने येथे भरतीचा चढ कमी, तळ खडकाळ आणि पावसाळा सरल्यावर पाणी बरेच स्वच्छ असते. तरी दोन्ही कागद येथेही तितकेच लागतात.

डोळ्यांवर काच आणि तोंडात श्वासनळी लावून माणूस पालथा तरंगतो, तेव्हा त्याचे लक्ष खाली असते. आपण किती वाहत गेलो, हे त्याला कळत नाही. म्हणून वेळ अशी निवडावी की प्रवाह मंद असेल. साधारणपणे भरती पूर्ण होण्याच्या आगेमागे पाणी क्षणभर थांबल्यासारखे होते. त्या वेळी समुद्राचे स्वच्छ पाणी किनाऱ्याशी आलेले असते आणि खडकांवर पुरेशी खोली असते. ओहोटी लागली की नदीचे गढूळ पाणी बाहेर येते, खडक वर येऊ लागतात, आणि उथळ जागी लाट माणसाला त्यांवर आपटते. देवबागजवळ कर्ली नदी समुद्राला मिळते. अशा संगमाजवळ ओहोटीच्या वेळी पाण्यात उतरणे टाळावे. उधाणापेक्षा भांगाचे दिवस बरे, कारण प्रवाहाचा जोर कमी असतो. एकट्याने कधी उतरू नये, अंगावर तरंगण्याचे जाकीट असावे, बोट नजरेच्या टप्प्यात असावी, आणि पाण्यात उतरताना प्रवाह कोणीकडे जात आहे ते पाहून प्रथम त्याच्या विरुद्ध दिशेने जावे. परतताना थकवा आलेला असतो; तेव्हा प्रवाहाने साहाय्य केले पाहिजे. प्रवाळावर पाय ठेवू नये. त्याने प्रवाळ मरते आणि पायही कापतो.

दोन दुर्घटना

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेल्या महाविद्यालयातील चौदा विद्यार्थ्यांचा बुडून मृत्यू झाला. त्या दिवशी कृष्ण अष्टमी होती. म्हणजे भांग, उधाण नव्हे. आपल्या पाऊणपटीच्या हिशेबाने ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास आणि भरती सायंकाळी सहाच्या सुमारास येते. दुपारची वेळ ही चढत्या पाण्याची, आणि बाराव्या हिश्श्याच्या नियमाप्रमाणे दोन ते चार हा पाणी सर्वाधिक वेगाने चढण्याचा काळ. भांग आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही, हे यावरून दिसून येते. एखाद्या व्यक्तीस दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. ज्या हिशेबाला दोन मिनिटे लागतात तो सहलीच्या कागदपत्रांत असावयास हवा, एवढेच माझे म्हणणे आहे.

२४ मे २०२२ रोजी तारकर्लीच्या समुद्रात स्कूबा डायव्हिंगहून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा मृत्यू झाला. मे महिन्याच्या अखेरीस पश्चिमेचा वारा वाढतो व समुद्र खवळू लागतो. भरतीचे वेळापत्रक चंद्र-सूर्यावरून तयार होते. वाऱ्याची त्यात नोंद नसते. म्हणून हवामान खात्याचा अंदाज आणि हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राचे उंच लाटांचे इशारे, ही तिसरी नोंद आपल्या दोन कागदांना जोडली पाहिजे. हवेचा दाब एक मिलिबार उतरला की पाणी सुमारे एक सेंटिमीटर फुगते, आणि किनाऱ्याकडे वाहणारा वारा त्यात आणखी भर घालतो. वादळी दिवशी छापील आकड्यापेक्षा पाणी वर जाते ते यामुळे.

कागद आणि तांडेल

कागदाची मर्यादा सांगितली की प्रश्न उरतो, मग विश्वास कोणावर ठेवावा? याचे उत्तर फार जुने आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' नावाच्या ग्रीक प्रवासवृत्तात आपल्या शेजारच्या सोपाऱ्याचा उल्लेख आहे. त्याच ग्रंथात भडोचच्या खाडीतील भयंकर भरतीचे वर्णन असून, परकी जहाजांना वाट दाखविण्यासाठी राजाच्या सेवेतील स्थानिक कोळी होड्या घेऊन सामोरे जात, असे म्हटले आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या परदेशी नाविकाला जे कळले, ते आजच्या सहलप्रमुखानेही ओळखले पाहिजे.

वसईपासून डहाणूपर्यंतचे कोळी डोल जाळे लावतात, तेव्हा त्या जाळ्याचे तोंड प्रवाहाकडे असते. पाण्याच्या ओढीनेच मासळी आत जाते. प्रवाह केव्हा फिरेल, कोठे जोर धरील, हे ठाऊक नसेल तर जाळे रिकामे राहील. हे ज्ञान ज्याच्या संसाराचा आधार आहे, त्या तांडेलाने 'आज पुढे जाऊ नका' असे सांगितले, तर वेळापत्रक काहीही म्हणो, तेथेच थांबावे. मात्र हे ज्ञान त्याच्यापाशीच राहते. पाहुण्याला ते कळण्याची व्यवस्था नाही. तांडेल पहाटे समुद्रावर जातो, पाहुणे दहा वाजता येतात, आणि दोघांची गाठ पडत नाही. ही गाठ घालून देणे हे ग्रामपंचायतीचे आणि शाळेचे काम आहे.

आपल्याला काय करता येईल

यासाठी मोठ्या निधीची वाट पाहण्याचे कारण नाही.

ग्रामपंचायतीने किनाऱ्यावर येणाऱ्या प्रत्येक वाटेशी एक काळा फलक लावावा. त्यावर रोज सकाळी चार ओळी लिहाव्यात: आजची तिथी, ओहोटीची वेळ, भरतीची वेळ आणि उंची, व वाळूच्या दांड्यांवरून परतण्याची अखेरची वेळ. ही अखेरची वेळ ओहोटीच्या वेळेपेक्षा अगोदरची असावी, नंतरची नव्हे. फलकाच्या एका बाजूस गावच्या किनाऱ्याचा साधा नकाशा रंगवून त्यात ओढीच्या जागा लाल रंगाने दाखवाव्यात. त्या कोठे दाखवावयाच्या हे तांडेलांना विचारावे आणि दर पावसाळ्यानंतर नकाशा नव्याने रंगवावा. आणीबाणीचा ११२ आणि तटरक्षक दलाचा १५५४ हे क्रमांक ठळक असावेत. फलकापाशी दोर बांधलेली रबरी हवेची नळी किंवा घट्ट झाकणाचा रिकामा डबा टांगून ठेवावा. बुडणाऱ्याच्या मागे न पोहणारे धावतात आणि एकाचे दोन होतात. फेकावयास काही हाताशी असेल तर हे टळते.

शाळांनी बंदर अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने एखाद्या सुरक्षित जागी दहा-दहा सेंटिमीटरच्या खुणा केलेला खांब उभारावा. शिक्षकांच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांनी एक पंधरवडा दिवसा दर अर्ध्या तासाने पाण्याची उंची टिपावी, आलेख काढावा आणि तो मुंबईच्या वेळापत्रकाशी ताडून पाहावा. अर्नाळ्याची भरती मुंबईनंतर किती मिनिटांनी येते, हे मुलांच्या वहीतून सिद्ध होईल. गणित, भूगोल आणि पंचांग असे तीन विषय एका खांबाभोवती शिकता येतील. आणि फलकावरील वेळ लिहिणारी मुले तयार होतील.

सहलीला परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्यांनी अर्जात वाहनाची माहिती विचारतो तशीच एक ओळ वाढवावी: सहलीच्या दिवशी त्या किनाऱ्यावर ओहोटी व भरती केव्हा? ज्याला ही ओळ भरावयाची आहे, तो वेळापत्रक उघडेल. त्याने ते एकदा उघडले की अर्धे काम झाले.

मित्रहो, समुद्र आपल्या वेळा लपवून ठेवीत नाही. पुढील वर्षीची भरतीही आज छापून ठेवता येते. एवढ्या आगाऊ सूचना देणारे संकट दुसरे क्वचितच असेल. आग, भूकंप, वीज यांची वेळ कोणी सांगत नाही. भरतीची सांगता येते, आणि तरीही आपली तरुण मुले तिच्यात जातात, ही गोष्ट आपण सर्वांनी मनास लावून घेतली पाहिजे. अर्नाळ्याने ते चार ओळींचे फलक प्रथम लावावेत. दातिवऱ्यापासून वेंगुर्ल्यापर्यंतची गावे ते पाहावयास येतील, असा मला विश्वास वाटतो.